पाणंदीतली जपानी गाडी

गाडी बघायला येणारा प्रत्येक माणूस आधी बॉनेट उघडायला लावतो, मग खाली वाकून बघतो आणि मग तोच प्रश्न विचारतो. एवढी चांगली आहे तर विकता कशाला, काय बिघाड आहे? मी म्हणतो, काही बिघाड नाही. त्यांना ते खोटं वाटतं. वाटू दे. मागच्या महिन्यात नांदेडकडची तीन पोरं आली होती, डोंगरदऱ्यांत गाड्या घालायचा नाद असलेली. त्यातल्या एकानं चाकाच्या वरच्या पोकळीत हात घातला, वाळलेल्या काळ्या मातीचं ढेकूळ बाहेर काढलं आणि म्हणाला, अंकल, धुतली पण नाही का हो? माझं डोकं फिरलं. विकायची नाही, चला निघा, म्हणून मी त्यांना हाकलून दिलं आणि अर्धा दिवस दुकानात नुसता बसून राहिलो. पोरांचा काय दोष? त्यांनी सरळ विचारलं होतं.

मी परभणीत डिझेल पंपाचं काम करतो. ट्रॅक्टर, जेसीबी, ट्रक, कुणाचाही पंप आणि नॉझल माझ्या टेबलावर येतात. धूर बघून मी सांगतो दुखणं कुठं आहे, आणि दहातल्या नऊ वेळा ते तिथंच असतं. त्या नऊ वेळांनी माझं डोकं बिघडवलं. लोखंड कळतं म्हणजे मला सगळंच कळतं, असं वाटायला लागलं होतं.

आमची शेती पेडगावच्या पुढं. डांबरी सोडली की अडीच किलोमीटर पाणंद, दोन्ही अंगांना बोरी-बाभळींचं दाट कुंपण, आणि पाणंदीच्या शेवटी आमचा आखाडा, म्हणजे शेतातलंच घर. तिथं माझा थोरला भाऊ, वहिनी आणि माय राहायचे. जमीन भारी काळी. पाऊस पडून गेल्यावर चप्पल घालून चाललं तर शंभर पावलांत माणूस वीतभर उंच होतो. चाकाचं तर विचारूच नका. चाकाला माती धरते, त्या मातीला आणखी माती धरते, आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं.

म्हणून आमच्या पाणंदीला एक रीत होती. जोराचा पाऊस झाला की पाणंदीच्या तोंडाशी बाभळीची एक फांदी आडवी पडायची. ज्याला आधी आठवण होईल त्यानं टाकायची. फांदी आडवी आहे तोवर बैलगाडी नाही, ट्रॅक्टर नाही, मोटारसायकलसुद्धा नाही. गाडी डांबरीच्या कडेला लावायची, चपला हातात घ्यायच्या आणि चालायचं. फांदी उचलायचा मान शेवटच्या आखाड्याचा, म्हणजे आधी आमच्या बापाचा आणि बाप गेल्यावर भावाचा. भाऊ अनवाणी पाणंदीत उतरायचा, मूठभर माती घेऊन लाडवासारखी दाबायचा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडून द्यायचा. गोळा फुटला तर वाफसा आला. म्हणजे मातीतलं जास्तीचं पाणी गेलं, आता तिच्यावर औत चालेल, चाक चालेल. नाही फुटला तर फांदी तशीच. कुणाकडं सोयरे येऊ द्या, कुणाचा माल अडू द्या, त्यात वाद नव्हता.

एकच सूट होती, आजारी माणसाची. त्यासाठी भावाची बैलगाडी निघायची. पावसात कुणी चाकं घातलेली नसली की पाणंदीचं खालचं पोट कडक राहतं, वरच्या चिखलाखाली चाकाला ते पोट सापडतं आणि बैल गाडी ओढून नेतात. पाऊण तासात डांबरी. कितीतरी बाळंतिणी आणि पान लागलेली, म्हणजे साप चावलेली माणसं त्या गाडीतून गेलेली मी लहानपणापासून बघितली. सगळी जगली असं म्हणत नाही, पण वाटेत कुणी अडकलं नाही.

मायला दमा होता. पाऊसकाळात तिचा दम कधी उठेल त्याचा नेम नसायचा, म्हणून मिरग निघाला की मी तिला परभणीला माझ्या घरी आणायचो आणि दिवाळीला परत नेऊन सोडायचो. शहाणपणाचंच होतं ते. पण ती आमच्या गॅलरीत खुर्ची टाकून रस्त्याकडं बघत बसायची आणि रोज फोनवर वहिनीला विचारायची, तिकडं पडला का, मूग कसा हाय, म्हशीनं दूध किती दिलं. माझी बायको तिला काही कमी करत नव्हती. तिलाच करमत नव्हतं. एका दिवाळीला तिला आखाड्यावर सोडलं तर ती कापणी झालेल्या रानाकडं बघत ओट्यावर बसली आणि मला म्हणाली,

"नऊ वर्सं झाली, मी माझं रान हिरवं बगितलंच न्हाई रं. कवाबी येते तवा वाळलेलंच दिसतंय."

मला ते लागलं. ज्या बाईनं बापाच्या बरोबरीनं त्या रानात हाडं झिजवली, तिनं त्या रानाचा हिरवा रंग फोनवर ऐकायचा? परत येताना मोटारसायकलवर मी एकटाच रडत आलो. आणि तेव्हाच माझ्या डोक्यात गाडीनं घर केलं.

राणीसावरगावच्या माळावर एका खडी क्रशरवाल्याकडं ती उभी होती. माझ्याकडं पंप घेऊन येणाऱ्या एका ट्रकवाल्यानं सांगितलं म्हणून बघायला गेलो. मूळ मालक हैदराबादचा, आफ्रिकेत नोकरीला होता, परत येताना स्वतःची गाडी जहाजातून बरोबर घेऊन आला. जपानमध्ये बनलेली, तिथून आफ्रिका, तिथून हैदराबाद, आणि आता खडीच्या धुळीत. पांढरा रंग पिवळा पडलेला. पण क्रशरवाल्यानं चावी फिरवली आणि तो आवाज ऐकून मी जागचा हललो नाही. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, वीस वर्षांचं, आणि ठोका कसा, तर घड्याळासारखा. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही, सगळं लोखंड आणि सगळं हातानं उघडणारं. मी पंपाला बोट लावून बघितलं, थरथर एकसारखी होती.

त्यानं मला शेजारी बसवलं, लिव्हर ओढून चारही चाकांना ताकद दिली आणि गाडी सरळ दगडांच्या चढावर घातली. शेळ्यासुद्धा वळसा घालून जातील असा चढ. गाडी म्हातारीसारखी एकेक पाऊल टाकत वर गेली आणि वर जाऊन थांबली. वैशाखाचं ऊन, खाली सगळा बालाघाटाचा दगड. तिथं मी माझ्या मनात आमची पाणंद बघत होतो. वाळलेल्या दगडावर गाडी पारखायची आणि ओल्या काळीसाठी घ्यायची, हा अडाणीपणा बाहेरच्या माणसानं केला असता तर आम्हीच त्याला हसलो असतो. मी तर त्या मातीत जन्मलेला.

बायको म्हणाली, एवढ्या पैशात नवी कोरी गाडी येईल, आणि खरं सांगा, आईंसाठी घेताय का स्वतःसाठी? मी तिच्यावर भडकलो. दोन दिवस घरात बोललो नाही. ती बरोबर होती म्हणूनच भडकलो होतो, हे आता कळतंय. मायसाठी घेत होतो हे खरं, पण त्या आवाजासाठीही घेत होतो. कागद, पासिंग, आरटीओच्या खेपा, सगळं मिरगाच्या आत उरकलं.

गाडी आखाड्यावर नेली तेव्हा मायनं हळद-कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि गाडीभोवती एक फेरी मारून आली. तिला वर चढता येईना, एवढी उंच. मी दुसऱ्याच दिवशी दुकानात तिच्या बाजूला लोखंडी पायरी वेल्डिंग करून बसवली आणि धरायला दांडी. ती पायरीवर पाय देऊन चढली, तिच्या जुन्या लुगड्याची घडी सीटवर टाकली आणि तिच्यावर बसली. दाराच्या आतल्या बाजूला जपानी अक्षरांची एक पट्टी होती. काय लिवलंय म्हणून तिनं विचारलं. मी म्हणालो, मला तरी कुठं कळतंय. ती पट्टीवरून बोट फिरवत म्हणाली, सावकास जा मनून लिवलं आसंल, दुसरं काय लिवत्यात. पुढं कधीतरी मोबाईलवर बघितलं, तर चाकांत हवा किती भरायची ते लिहिलं होतं.

तिला मी येलदरीकडं तिच्या माहेरीही घेऊन गेलो. सीट उंच असल्यामुळं तिला कुंपणावरून आत दिसत होतं, आणि ती वाटभर लोकांच्या रानांवर शेरे मारत होती. ह्याचा बांध बग कसा ठिवलाय, ह्यानं हळद लावलीय बग, त्याच्या बापाला कधी जमलं न्हाई ते. धरणाच्या पाण्याकडं बघत तिनं मासळी खाल्ली, हात धुतले आणि म्हणाली, आता मेले तरी चालतंय. मी म्हणालो, गप बस. आम्ही दोघंही हसलो.

त्या संध्याकाळी मी भावासमोर मायला शब्द दिला. आवंदा तू कुठं जायचं न्हाई, इथंच राहा, हिरवं बघ. तुझा दम उठला तर कसाही पाऊस असू दे, आखाड्यावरून पंधरा मिनिटांत तुला डांबरीवर आणतो. मायचं तोंड असं उजळलं की काय सांगू. पण भाऊ बैलांना वैरण टाकत होता, तो थांबला आणि म्हणाला, फांदी हाय की पण. मी हसलो. फांदी बैलगाडीसाठी आहे, भाऊ. ह्या गाडीला कसली फांदी? तो परत वैरण टाकायला लागला. माझा भाऊ जास्त बोलणाऱ्यातला नाही, आणि त्याचा मी आयुष्यभर फायदा घेतला.

मोठा पाऊस झाला, फांदी पडली. मी परभणीहून मुद्दाम गेलो. कामधंदा काही नव्हता, नुसती खुमखुमी. फांदी बाजूला केली, गाडी आत घातली, खाली उतरलो आणि फांदी परत आडवी लावली. म्हणजे बाकीच्यांनी नियम पाळावा! एवढा माज. गाडी चिखल उडवत, गुरगुरत निघाली आणि आखाड्यापुढं जाऊन उभी राहिली. शेजारच्या आखाड्यावरच्या बायका बघायला आल्या. माय त्यांना सांगत होती, माझ्या धाकट्यानं माझ्यासाठी आणलीय, पार जपानाहून. मी पाटलासारखा ऐटीत बॉनेटला टेकून उभा होतो.

मग मी जातच राहिलो. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. मायची औषधं हे निमित्त असायचं, ती तर महिन्याची एकदम आणता आली असती. आणि दर खेपेला गाडी आरामात जायची, म्हणून माझा विश्वास वाढत होता. खाली काय होत होतं ते मी बघितलंच नाही. अडीच टनांची गाडी एकाच वाटेनं जात-येत होती. वरचा चिखल बाजूला सरकून खालचं कडक पोट फाटत होतं. दोन चाकोऱ्या पडल्या, आधी वीतभर, मग हातभर. मधला उंचवटा तसाच राहिला. पाणी चाकोऱ्यांत साचायचं आणि मुरायचं, आणि पुढची खेप आणखी खाली जायची.

पाणंदीवरून मेंढरं नेणाऱ्या धनगराचं एक कोकरू त्या चाकोरीत पडलं आणि त्याचा पाय मोडला. तो भावाकडं आला होता. मी त्याला कोकराचे पैसे देऊ केले. त्यानं घेतले नाहीत. म्हणाला, पैशाचं न्हाई मालक, वाट फाटायलीय तुमची. भावानंही एकदा सांगितलं, ओट्यावर बसून, माझ्याकडं न बघता. वाट खराब व्हायलीय, थोडं दम धर, वाफसा येऊ दे, मग घाल की किती घालायची ती. मी म्हणालो, दिवाळीत दहा ट्रक मुरूम आणून टाकतो, फिकीर करू नको. गाडी जाते ना? मग झालं तर.

आणि मायची ती दोन महिन्यांची गंमत चालली होती, हेही सांगायला पाहिजे. ती सकाळी काठी टेकत मुगात जायची, कोवळ्या शेंगा ओच्यात गोळा करून आणायची. पोत्यावर बसून पाखरं हाकायची. वहिनी म्हणायची, मायचं वय दहा वर्षांनी कमी झालं. एकदा मी गेलो तर ती बांधावर उभी राहून नुसती बघत होती, सोयाबीन गुडघ्याच्या वर आलेलं, वारा सुटलेला, सगळं रान हलत होतं. मी हाक मारली तर हातानंच थांब म्हणाली. त्या दोन महिन्यांत तिचा दम एकदाही उठला नाही. मी भावाला तेही ऐकवलं.

भादव्यात चार दिवस झड लागली. चौथ्या दिवशी दुपारी दुकानात फोन आला. भाऊ म्हणाला, मायचा दम उठलाय, सकाळपासून लाइट न्हाई, वाफेचं मशीन चालेना, तोंडाच्या पंपानं काही उतार न्हाई. मी बैलगाडी जुपतो. मी म्हणालो, जुपू नको. तुझी बैलगाडी मध्येच येईल, मला वाट मोकळी ठेव, मी निघालोच. आणि फोन ठेवला. भाऊ थांबला. मी सांगितलं म्हणून तो थांबला.

अॅम्ब्युलन्सला फोन करून डांबरीवर यायला सांगितलं आणि परभणी ते पाणंद गाडी अशी पळवली की विचारू नका. फांदी आडवी होती. या वेळी उतरलो नाही, फांदीवरूनच गाडी घातली. पहिला किलोमीटर गेला. मग पुढचं तोंड एकदम खाली बसलं. चार दिवसांच्या पाण्यानं चाकोऱ्या गुडघ्याइतक्या खोल झाल्या होत्या, आणि गाडीचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकलं. लिव्हर ओढली, मागं घेतली, पुढं घेतली. चारही चाकं फिरत होती, मस्त फिरत होती, इंजिनाचा आवाज एकदम साफ होता. फक्त गाडी जागची हलत नव्हती. चाकांखाली धरायला काही उरलंच नव्हतं. मी उतरून हातानं माती उकरायला लागलो. किती वेळ उकरली कुणास ठाऊक. मग भावाला फोन केला आणि म्हणालो, अडकलो.

त्यानं लगेच फोन ठेवला. बैल जुपले, मायला गाडीत निजवलं आणि निघाला. चारशे पावलांवर गाडीचं चाक माझ्या चाकोरीत गेलं, गाडी कलंडली आणि चाकांमधला कणा मोडला. ज्या पाणंदीत त्याची बैलगाडी कधी अडकली नव्हती तिथं. डांबरीकडून कुणाचा ट्रॅक्टर मागवावा तर वाटेत बूच लावल्यासारखी माझी गाडी उभी. शेवटी शेजारच्या आखाड्यावरून बाज आणली, मायला बाजेवर घेतलं आणि चौघं चालत निघाले.

मी धावत सामोरा गेलो, दोनदा पडलो. माय बाजेवर अर्धी बसलेली होती, वहिनी चिखल तुडवत शेजारून चालत होती आणि तिच्यावर प्लास्टिकचा कागद धरत होती. मायचे ओठ निळे पडले होते. मी एका बाजूनं खांदा दिला. गाडीजवळ आलो तेव्हा कुंपणाला घासून, तिरपं होऊन जावं लागलं. तिथं मायनं हात वर केला, जरा थांबा म्हणून. तिनं गाडीकडं बघितलं, चिखलात बुडालेल्या त्या पायरीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी लहान पोरासारखा रडत होतो. एकेक शब्दाला श्वास घेत ती म्हणाली,

"रडू नको, लेकरा. गाडी तेवढी धुऊन घे. वाळल्यावर ती माती निघत न्हाई."

डांबरीला पोहोचायला सव्वा तास लागला. अॅम्ब्युलन्स उभी होती. दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला, नळ्या लावल्या, आणि दिवे लागायच्या वेळेला ती गेली. लवकर आणली असती तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरला विचारलं नाही. आजपर्यंत कुणालाच विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला परत आणायचं होतं. तिला तिच्याच रानात, बापाला दिला तिथंच अग्नी द्यायचा हे ठरलेलंच होतं. भाऊ पहाटेच पुढं गेला होता. आम्ही पोहोचलो तर मोडलेल्या फांदीच्या जागी कुणीतरी नवी फांदी टाकलेली, आणि पाणंदीतल्या दोन्ही चाकोऱ्यांत पऱ्हाट्या आणि तुराट्या भरलेल्या. वहिनीचं वर्षाचं जळण होतं ते. भाऊ आणि आजूबाजूचे आखाडेवाले रिकाम्या हातांनी उभे होते, सगळ्यांचे हात सोललेले. मोडलेली बैलगाडी ओढून काढून माझ्या चाकोऱ्यांत त्यांनी खांदेकऱ्यांसाठी वाट केली होती. ज्यांची वाट मी फाडली तेच ते लोक. एकही जण मला वाकडा शब्द बोलला नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

गाडीपाशी आलो. बाज तिरपी करून नेता आली होती, तिरडी तिरपी करता येईना. मग चौघांनी तिरडी खांद्यावरून उचलून हातांवर घेतली, डोक्याच्या वर, आणि एकेक पाऊल टाकत गाडीच्या अंगाला घासून पुढं सरकले. पुढच्या डाव्या बाजूला मी होतो. गाडीच्या आरशात कापडाचं टोक अडकलं. सगळे थांबले. त्या धनगरानं हात लांब करून टोक सोडवलं आणि आरसा आत मिटून घेतला. काचेतून मला सीटवरची लुगड्याची घडी दिसली. जिला बसवायला गाडी घेतली, तिला आम्ही त्या गाडीच्या टपावरून नेत होतो.

गाडी तिथंच राहिली. वाफसा आल्याशिवाय तिला कुणी ओढू शकत नव्हतं. मी आखाड्यावरच राहिलो. राख सावडली, दहावा झाला. भेटायला येणारा प्रत्येक माणूस चपला हातात घेऊन, गाडीला वळसा घालून, कुंपणाचे काटे अंगाला लावून घेत येत होता. आत येऊन मायबद्दल चार चांगले शब्द बोलत होता आणि पुन्हा त्याच वाटेनं जात होता. पाऊस थांबला होता. ऊन पडायला लागलं. मी रोज लांबून गाडीकडं बघायचो, जवळ गेलो नाही.

तेराव्याचं जेवण झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ अनवाणी पाणंदीत उतरला. मी ओट्यावरून बघत होतो. तो वाकला, माती घेतली, दाबली आणि सोडली. मग खांद्यावर फावडं टाकून गाडीकडं गेला आणि तासभर तिच्या पोटाखालची माती काढत राहिला. मी गेलो तोवर त्याचं काम होत आलं होतं. त्यानं फावड्याची माती निपटली आणि चौदा दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी गाडीबद्दल बोलला.

"आला वाफसा. काढ आता."

मी आत बसलो. ती चालू होऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. पंप अडकलेला असावा, बॅटरी उतरलेली असावी, काहीतरी मोडलेलं असावं, म्हणजे मला ते दुरुस्त करता आलं असतं. चावी फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. ठोका तोच. गाडी सुखानं वर आली.

पाणंदीत वळायला जागा नव्हती, म्हणून आधी पुढं आखाड्यापर्यंत जावं लागलं. ओट्यासमोर गाडी वळवली. माय जिथं काठी टेकून उभी राहायची तिथं वहिनी उभी होती, पदर तोंडाला लावून. भाऊ पुढं चालत गेला होता फांदी उचलायला. मला घड्याळ बघायचं नव्हतं, पण समोरच ते होतं, जपानी, हिरव्या आकड्यांचं, आणि मी बघितलं. मुद्दाम सावकाश चालवली, पट्टीवर तिनं बोट फिरवून वाचलं होतं तशी. आखाड्यापासून डांबरीपर्यंत अकरा मिनिटं लागली.